ओली बाटली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं, ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ. वही कुणी वाचलीच तर त्याने माफ करावं.

आम्ही तेव्हा अलिबागला राहत होतो. हे हायस्कुलात शास्त्र शिकवत. मुंबईच्या एका औषधवाल्याला ॲसिटिल क्लोराइड हवं होतं. विलायती महाग पडे. यांनी करून द्यायचं कबूल केलं आणि माझ्या वडिलांकडून साठ रुपये उसने घेऊन काचसामान व फॉस्फरसचं एक जहाल द्रव आणलं. एकाच खेपेपुरतं. बिघडलं तर पैसे बुडाले, आणि माहेरी मी कुठल्या तोंडाने जाणार?

कृती मला पाठ झाली होती. सिरक्याचं कडक आम्ल चंबूत घ्यायचं, त्यात ते द्रव थेंबथेंब सोडायचं, मग चंबू कोमट पाण्यात ठेवायचा. वाफ निघते, ती थंड नळीतून बाटलीत उतरते. बाहेर पाणी चालतं, आत टिपूस नको. पाणी लागलं की ते उसळतं आणि त्याचं परत आम्लच होतं. समुद्राच्या दमट हवेनेसुद्धा धुरतं. म्हणून बाटली मी दोन दिवस चुलीच्या उबेला वाळवली होती.

मागच्या पडवीत हे चंबू तापवत बसले होते. बाटली तिथे ठेवून मी बूच आणायला आत गेले. परतले तर सासूबाई सोवळ्यात उभ्या, हातात पंचपात्र. मुंबईहून आलेल्या वस्तूवर त्या पाणी शिंपडत. बाटलीच्या आत थेंब चमकत होते.

यांची आमच्याकडे पाठ होती. "बाटली दे," म्हणून हात मागे केला. नळीच्या टोकाशी पहिला थेंब लोंबत होता.

सासूबाईंसमोर मी यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"अहो, नको. ओली आहे."

"जीभ फुटली वाटतं!" सासूबाई म्हणाल्या. "कुणाकुणाच्या हातची बाटली, मी शुद्ध केली."

यांनी तो थेंब पाण्याच्या वाटीत धरला. फस्सकन पांढरा धूर उठला. सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"अगो बाई! हे औषधात घालतात?"

"औषध करायला लागतं, आई. तू आत जा, खोकला लागेल."

वाफ थांबावी म्हणून यांनी चंबू थंड पाण्यात उतरवला. मी तासभर बाटली निखाऱ्यांवर फिरवत बसले. तडकेल म्हणून जीव मुठीत. मग यांनी चंबूला पुन्हा ऊब दिली. बाटलीत पाण्यासारखं स्वच्छ द्रव साचलं, तोंडाशी धुरणारं.

औषधवाल्याने ते पसंत केलं, पैसे दिले आणि आणखी मागितलं. त्यातूनच पुढचं सामान आणलं. दुसरी खेप पोचल्यावर वडिलांचे साठच्या साठ रुपये फिटले.