कायतान मास्तरांचा मॅपल

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो, ते आपोआप साठतात. कसालला हायवेवर माझं मेडिकल आहे. माझी बायको म्हणते, "गिऱ्हाईक गोळ्या घेऊन जाता आणि गजाल ठेवून जाता." औषधांना निदान एक्स्पायरी तरी असते, गजालींना कसली आलीय! त्यात रविवारी दुकान बंद ठेवून मी झाडं ओळखायला जातो, तिथून आणखी घेऊन येतो.

आमचा ग्रुप लहान. सावंतबाई म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेल्या बॉटनीच्या प्रोफेसर. बाबलो परब, धामापूरचा काजू बागायतदार. आरोंद्याचे कायतान मास्तर, शाळेतून रिटायर झालेले, स्वभावाने लोणी. आणि चौथा मी.

सावंतबाईंचा नियम एकच. झाडासमोर उभं राहिलं की आधी वर्णन, मग नाव. पान कसं, कडा कशी, पानं फांदीवर समोरासमोर की एकाआड एक, साल कशी, फळ कसं. वर्णन न करता ज्याने नाव घेतलं, त्याने परतताना कसालच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजायचा! हॉटेलवाल्या भाईलाही हे पाठ झालंय. गाडी थांबली की तो गल्ल्यावरूनच ओरडतो, "आज कोण चुकलो?"

माझी धंद्याची सवय नडते. मेडिकलमध्ये दिवसभर लोक वर्णनच सांगतात, "ती गुलाबी, वाटोळी, मधे रेघ असलेली," आणि मी फटकन नाव घेतो. तेव्हा सगळ्यात जास्त चहा कोणी पाजला असेल ते तुम्हीच ओळखा. सावंतबाईंनी मात्र इतकी वर्षं एकदाही पाजला नव्हता. बाई आमच्याशी बोलायच्यासुद्धा छापील मराठीत, जशा अजून वर्गावरच आहेत.

*

एकदा बाबलोच्याच बागेत गेलो होतो. गेटातून आत शिरता शिरता बाबलोने कौतुकाने हात केला, "ह्यो माझो काजू, आजोबांनी लावलेलो!"

"चहा तुमचा," सावंतबाई म्हणाल्या.

"अहो बाय, माझ्याच काजूचा नाव घेऊक माका बंदी?"

"झाड तुमचं आहे, परब. नियम ग्रुपचा आहे."

बिचाऱ्याने आपल्याच काजूखाली उभं राहून पान, कडा, साल, बोंडू सगळं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं. तरी चहा माफ नाही! शेजारच्या बागेतला गडी कुंपणावरून बघत होता. गावात दोन दिवस चर्चा होती की बाबलोला काहीतरी झालंय, काजूशी बोलता.

*

मालवणच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टवाल्याने आम्हाला बोलावलं. झाडांवर नावांच्या पाट्या लावायच्या होत्या. दुपारी जेवण त्याच्याकडे. किचनमधून सुरमईच्या मसाल्याचा वास येत होता आणि बाबलोचं झाडांकडे लक्षच नव्हतं.

मालकाने मोठ्या ऐटीत एक झाड दाखवलं. "हे ऑलिव्ह. नर्सरीवाल्याने खास इटलीहून मागवलं."

सावंतबाईंनी चष्मा लावला. "पान चकचकीत, कडा लाटेसारखी. फूल लहान, चांदणीसारखं, सुकलं तरी वास जात नाही. फळ पिकलं की नारिंगी." मग मान वर करून म्हणाल्या, "ही ओवळ आहे, म्हणजे बकुळ. तुमच्या आजीने हिच्या फुलांचे वळेसर करून केसांत माळले असतील."

मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मॅडम, ओवळ बघायला मुंबईचे टुरिस्ट कशाला येतील? ऑलिव्हच लिहा की! कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," बाई म्हणाल्या.

झालं! जेवणाचं कोणी नाव काढेना. तळायला काढलेली सुरमई परत फ्रीजमध्ये गेली. आम्ही वाटेत वडापाव खाल्ला. बाबलो अजून ते विसरलेला नाही. म्हणतो, "बाय, एक दिवस खोटा बोलला असतास तर काय बिघाडला असता?" बाईंनी त्यावरही उत्तर दिलं, "परब, झाडाच्या नावाला माणसाची सोय कळत नाही."

*

आता कायतान मास्तरांच्या मॅपलकडे येऊ.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा नेल्सन कॅनडात. एका डिसेंबरात आला तेव्हा आईसाठी तिथल्या मॅपलच्या बिया घेऊन आला. दोन पंख जोडलेल्या, भिरभिरत खाली येणाऱ्या बिया. मास्तरांची बायको फिलूबाय, तिने त्या कुंडीत लावल्या. एक रुजली. बास! फिलूबायला नेल्सनच परत आल्यासारखं झालं. फोनवर मुलाशी बोलायच्या आधी ती झाडाशी बोलायची. "आज पाणी जास्त झाला काय रे तुका?"

पुढे फिलूबाय बहिणीकडे गोव्याला गेली. पाणी घालायची जबाबदारी मास्तरांवर. मास्तरांनी घातलं हो, अगदी मनापासून घातलं! पण आरोंद्याचा मे महिना आणि कॅनडाचं रोप. एका दुपारी ते मान टाकून बसलं ते उठलंच नाही.

त्याच रविवारी आम्ही धामापूरच्या तळ्याकडे होतो. मास्तर अचानक वाटेवरच्या एका लहानशा रोपापाशी बसले आणि वर्णन करायला लागले. "पान तळहातासारखा, पाच बोटां. खालून मखमल."

"छान," सावंतबाई म्हणाल्या. "नाव?"

"नाव मगे सांगतंय," मास्तर म्हणाले, आणि हातांनी माती उकरायला लागले. उकरता उकरता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळं बाहेर पडलं. "उद्या फिलू येतली. कुंडी रिकामी बघल्यान तर ती काय जेवची नाय. ह्याचा पान मॅपलासारखा दिसता, माका दुसरा कायच सुचना नाय."

बाबलोने निमूटपणे रोप मुळासकट काढून दिलं, वर ओल्या फडक्यात गुंडाळूनही दिलं.

सावंतबाई तेवढ्या उभ्याच होत्या. म्हणाल्या, "मास्तर, हा आपल्या रानातला कांडोळ आहे. मी आपणहून कोणाला सांगणार नाही. पण मला विचारलं, तर मी खरंच सांगेन."

*

त्या दिवसापासून आमच्या ग्रुपला आरोंद्याचं आमंत्रण आलं की मास्तरांना ताप यायचा. फिलूबाय फोनवर म्हणायची, "माझ्या मॅपलाक बघूक कधी येतास?" आणि मागून मास्तरांचा आवाज, "ह्या रविवारी नको, माका बरा नाय!" एवढा धडधाकट माणूस माझ्या दुकानात न येता इतका आजारी पडलेला मी बघितलेला नाही.

कांडोळ कुंडीतून परसात गेला आणि फोफावला. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी फादर घरी आले, तर फिलूबायने त्यांच्याकडून मॅपलवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. मास्तर हात जोडून मागे उभे. मला म्हणाले, "देवाक आता सगळा कळला असतला." मी म्हटलं, देव झाडं ओळखायला येत नाही, सावंतबाई येतात. त्यांना सांभाळा.

पुढे झाड मोठं झालं आणि साल सुटायला लागली. कागदासारखे पापुद्रे, आत हिरवट पांढरं खोड. फिलूबाय घाबरली. "सोलता कित्याक ह्या?"

मास्तर म्हणाले, "गो, थंय थंडी, म्हणान कोट घालता. हंय गरम, म्हणान काढता."

मग एका उन्हाळ्यात पानं नसलेल्या फांद्यांवर लालभडक फळं आली, चांदणीच्या आकाराची. फिलूबायने कौतुकाने हात लावला आणि बोटं चोळत घरात आली. फळावर बारीक टोचरी लव!

"मॅपलाक कुसां खंयची आयली?"

"कुसां न्हय ती. थंडीच्या देशातला झाड, लोकर असतलीच!"

इतकी वर्षं मास्तरांनी शाळेत काय शिकवलं देव जाणे, पण सायन्स नक्कीच नसावं.

*

हे असंच चाललं असतं. पण यंदा पावसानंतर फिलूबायने नेल्सनला पानाचा फोटो पाठवला आणि तो उलटून म्हणाला, "मम्मी, मॅपल आरोंद्याक जगाचाच नाय. पप्पांनी दुसराच कायतरी लावल्यानी आसतला."

मास्तरांनी मला फोन केला तेव्हा रडत होते. "दोन दिवस ती माझ्याशी बोलणा नाय. म्हणता, तुमी माका फसवल्यात काय ता सावंतबाय सांगतली. ती खोटा बोलणारी न्हय. रविवारी तिका घेऊन येवा."

गेलो. न जाऊन सांगतो कोणाला! गाडीत बाबलोने विषय काढून बघितला, "बाय, जरा..." बाई म्हणाल्या, "परब, पुढे बघा, वळण आहे."

मास्तर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बाकावर, बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. फिलूबाय आम्हाला थेट परसात घेऊन गेली. झाड मात्र देखणं झालं होतं हो! उन्हात खोड चांदीसारखं दिसत होतं.

"बघा बाय," फिलूबाय म्हणाली. "नेल्सन म्हणता मॅपलाची पानां फांदयेर समोरासमोर आसतत. तशी आसत काय? तुमी सांगशाल ता खरा. मगे मी तेंका काय ता विचारतंय." आणि तिने बाल्कांवाकडे बघितलं. मास्तर आपल्या चपलांकडे बघत होते.

सावंतबाईंनी चष्मा लावला. एक फांदी खाली ओढली. पानं एकाआड एक, टोकाशी झुबका करून. लांबून मला दिसत होतं, तर त्यांना का दिसणार नाही? त्यांनी पान उलटून मखमलीवर अंगठा फिरवला. सालीचा एक पापुद्रा सुटला होता, तो नीट दाबून परत जागेवर बसवला. बाबलोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला ओरडावंसं वाटत होतं.

बाईंनी फांदी सोडली. चष्मा काढला.

"मॅपल," त्या म्हणाल्या.

फिलूबाय मोबाइल शोधायला धावली. जाता जाता बाल्कांवात थांबून तिने मास्तरांच्या टकलावर एक चापट मारली आणि म्हणाली, "असे काय बसलास? सोरपोटेल करूचा आसा, लसूण सोलून देवा!"

जेवण अगदी झकास झालं. बाबलोने तीनदा वाढून घेतलं.

परतताना कसालला गाडी थांबली. भाई गल्ल्यावरूनच ओरडला, "आज कोण चुकलो?"

मी बाबलोकडे बघितलं, बाबलोने माझ्याकडे. सावंतबाईंनी पर्स उघडली.

"आजचो चहा माझो," त्या म्हणाल्या.