शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या बाई

माझा स्वभाव तापट आहे. घरात आणि ऑफिसात सगळ्यांना ते पाठ झालंय. त्यामुळे ज्यांच्यापुढे मी मुकाट बसलो अशी माणसं मोजकीच, आणि त्यांतल्या एक बाई कोपरीला राहतात.

मी ठाकुर्लीचा, नोकरी ठाण्यात. उरल्या वेळात मला एक नाद होता: मराठी शुद्धलेखन तपासणारा शब्दकोश. संगणकावर चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते ना, ती कुठे मारायची आणि कुठे नाही हे या कोशावरून ठरतं. दोन वर्षं खपून मी तो तयार केला आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या संग्रहाकडे पाठवला. त्या संग्रहातलं काहीही कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं, विकावं. म्हणूनच आत येणारी प्रत्येक फाइल कुणाची आहे आणि मालकाने तसं लायसन्स खरंच दिलंय का, हे कुणीतरी आधी वाचून बघतं. नव्या आवृत्तीची मुदत दहा दिवसांवर होती. ती हुकली की पुढची आवृत्ती दोन वर्षांनी.

माझं पॅकेज, म्हणजे कोशाच्या सगळ्या फायली, तपासायला या बाईंकडे गेलं. त्यांची ईमेल तीन ओळींची होती. ‘मिठागरांच्या शब्दांची फाइल पाहिली. पहिल्या ओळीनुसार ही यादी तुमची आहे. शेवटच्या ओळीनुसार दुसऱ्या कुणाची तरी आहे. कुठली ओळ खरी?’

मी फाइल उघडली. ऑफिसातल्या एका मित्राचे वडील कोलशेतचे, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरातले. त्यांनी फोनवर एकेक अक्षर टाइप करून शे-दीडशे शब्द पाठवले होते: उघाडी म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, असे. मित्र म्हणाला होता, “बिनधास्त वापर रे.” मी वापरले. मग सगळ्या फायलींच्या डोक्यावर माझं नाव आणि लायसन्स चिकटवणारी चार ओळींची स्क्रिप्ट चालवली, आणि तिने त्यांच्या यादीवरही माझंच नाव चिकटवलं. आयत्या बिळावर नागोबा. तळाशी त्यांचा निरोप तसाच राहिला होता: ‘हे शब्द आमचे आईकडून ऐकलेले. चुकले असतील तर सांगणे.’

लाज वाटायला हवी होती. मला राग आला. मी उलट लिहिलं, ‘शब्द काय कुणाच्या बापाचे असतात का?’

उत्तर आलं, ‘शब्द नसतात. यादी असते. ती काढलीत तर कोश आजच पास करते.’

मित्रही म्हणाला, काढून टाक, कोण बघतंय. मी काढणारही होतो. पण ते ‘चुकले असतील तर सांगणे’ काही डोळ्यांपुढून हलेना. त्या माणसाला मी साधं ‘मिळाले’ असंही कळवलं नव्हतं. मी बाईंना लिहिलं की मी कोलशेतला जाऊन रीतसर परवानगी आणतो. त्यांनी विचारलं, मीही येऊ का?

त्या बसने आल्या. साठीच्या पुढच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, पिशवीत लायसन्सची छापील प्रत. कोलशेतच्याच एका औषध कंपनीत त्यांनी तीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं तपासली होती. “एक शब्द चुकला की अख्खी बॅच परत,” त्या म्हणाल्या. फुशारकीचा लवलेश नव्हता.

मित्राचे वडील, म्हणजे काका, त्यांच्याच विकलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत राहतात. चहा झाला. मी गोड बोलून सहीसाठी लायसन्सचा कागद पुढे केला, आणि त्यांनी पेनही उचललं. बाईंनी कागदावर हात ठेवला.

“थांबा. अजून वाचलेलं नाही.”

मग त्या वाचायला लागल्या. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं, मराठीत सांगायचं, आणि ‘म्हणजे काय’ हे उघाडी नि बांधाची उदाहरणं देऊन समजवायचं. कुणी तुमची यादी बदलू शकेल. कुणी विकू शकेल, तुम्हाला काही न देता. एकदा दिली की परत घेता येणार नाही. मला वाटलं, या बाई आता काम बिघडवणार. माझ्या बाजूचं एक वाक्य नाही, सगळी त्यांना घाबरवणारी! दीड तास झाला. आयुष्यात हजारदा ‘मान्य आहे’वर टिचकी मारणारा मी तो मजकूर पहिल्यांदा पुरता ऐकत होतो. आणि खरं सांगतो, ऐकता ऐकता मला ती बाई आवडायला लागली.

काकांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “शब्द आयचे. मी येकला कसा देऊ? दोन बहिनी हायत माज्या. तेंना इचारतो.”

बाई म्हणाल्या, “कायद्याने तुमची एकट्याची सही पुरे. यादी तुम्ही केलीत.”

“कागदाला पुरे असंल,” काका म्हणाले. “जमीन इकली त्या टायमाला बहिनींच्या सह्या घेतल्या. इचारला नाय.”

बाईंनी कागदाची घडी करून तो पिशवीत ठेवला. धाकटी बहीण पायाच्या ऑपरेशनमुळे पंधरा दिवस तरी कल्याणहून हलणार नव्हती, आणि फोनवर विचारायला काका तयार नव्हते. म्हणजे मुदत गेली. बस स्टॉपवर मी धुसफुसत होतो. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, यादी काढा, आज पास करते. मी नको म्हणालो. माझा मलाच अचंबा वाटला.

नवी आवृत्ती आमच्याशिवाय निघाली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही परत गेलो. दोघी बहिणी सोफ्यावर शेजारी बसल्या होत्या, धाकटीच्या हातात काठी. काकांना वाटलं, त्यांनीच थोडक्यात सांगितलं की झालं. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तोच दीड तास, तीच उदाहरणं, एक वाक्य गाळलं नाही. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही.

वाचून झालं. मी पेन पुढे केलं नाही. थोरल्या बहिणीने भावाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“नाय बोलली तं चालंल?”

“चालेल,” बाई म्हणाल्या.

“कोनाला राग नाय येनार?”

“नाही.”

ती पदराने तोंड पुसत हसली, शेजारच्या बहिणीला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, “ऐकलास ना?” मग तिने माझ्यापुढे हात केला. “दे पेन.”