मागच्या माणसाचं माप

मंगरूळपीरच्या स्टँडवर वाशीमची बस लागली तेव्हा माझ्या हातात गोणपाटात बांधलेलं शिलाई मशीनचं डोकं होतं. खालचा लोखंडी सांगाडा दुकानातच ठेवला होता. कंडक्टरने विचारलं, हे काय आहे? मी तोंड उघडायच्या आत आम्हाला सोडायला आलेले बबनभाऊ बोलले, "त्याचं पोट आहे साहेब. राहू द्या सीटखाली." कंडक्टर हसला, मीही हसलो, आणि बस हलल्यावर खिडकीकडे तोंड करून रडलो. बायकोने पाहून न पाहिल्यासारखं केलं. वाशीमहून हैदराबादची गाडी धरायची होती.

बबनभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले दोर-सुतळीवाले. त्यांच्या आणि आमच्या दुकानात एकच भिंत. घरात आमची बोली उर्दू, पण दुकानाच्या ओट्यावर अब्बासुद्धा वऱ्हाडीच बोलायचे, आणि मी मराठी शाळेत शिकलो. म्हणून हे मराठीत लिहितो आहे. गल्लीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पुण्याला, सुरतेला, जिथे जमेल तिथे निघून गेले त्यांच्यासाठी.

अब्बांना सारे मास्तर म्हणत. त्यांची मापाची लांब वही होती. आधी नाव, मग छाती, खांदा, बाही, उंची, आणि शेवटचा रकाना गावाचा. वाशीम, शिरपूर, आसपासची खेडी. गल्लीतल्या लोकांपुढे तो रकाना कोरा असायचा. मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा ते सहज म्हणाले, "आपल्या माणसाले गाव काय लिहाचं?"

त्यांची दुसरी खोड अशी, की वहीत माप असलं तरी ते दर वेळी नव्याने घेत. महिन्यापूर्वी येऊन गेलेला माणूस वैतागायचा. अब्बा गळ्यातला टेप काढत म्हणायचे, "ते माप मांगच्या माणसाचं हाय. आज कोण आलं ते पाहू द्या मले." मला तेव्हा हा रिकामा नखरा वाटे. वही कशाला ठेवायची मग?

गल्ली काही एका दिवसात ओस पडली नाही. टॉकीज बंद झाली तशी संध्याकाळची गर्दी गेली. शाळेचे गणवेश बाहेरून शिवून येऊ लागले. लग्नाचे कोट भाड्याने मिळू लागले, पोरं मोबाइलवर शर्ट मागवू लागली. चार शिलाई दुकानांपैकी एकाने झेरॉक्स टाकलं, दोघांनी शटर ओढलं ते कायमचं. अब्बा गेल्यावर मी एकटा उरलो. मग एका ईदच्या आठवड्यात माझ्याकडे शिवायला एकही कपडा आला नाही. आल्या त्या रेडिमेड पँटी, खालून दोन बोटं कमी करायला. ज्या दुकानात माणसाचं डोक्यापासून माप घ्यायचे, तिथे माझा धंदा घोट्यापाशी येऊन थांबला होता. त्याच आठवड्यात बायकोच्या मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, इधर काम ही काम है.

खरंच होतं. हैदराबादेत शेरवानीच्या कारखान्यात लागलो. मालकाने नाव लिहिलं, पुढे गाव विचारलं. मंगरूळपीर त्याला लांब वाटलं असावं, त्याने नुसतं 'महाराष्ट्र' लिहिलं. आजही तिथे मी महाराष्ट्रवाला. माझ्या मुली आता हैदराबादी ढंगात 'हौ' आणि 'नक्को' म्हणतात, शाळेत तेलुगू शिकतात, आणि मला ते आवडतं हे कबूल करायला काय हरकत आहे? पगार वेळेवर होतो. पण तिथे माप फोनवर येतं. कुठल्याशा दुकानातून आकडे येतात, मी कापड कापतो. ज्याच्या अंगात ते जाणार, त्याचं तोंड मी पाहत नाही. गळ्यातला टेप कधी निघाला ते आठवतसुद्धा नाही.

दोन वर्षांनी बबनभाऊंच्या लेकीचं, सुनीताचं लग्न ठरलं. मला सुट्टी मिळेना. म्हटलं, निदान सदरा माझ्या हातचा असू दे. चांगलं क्रीम रंगाचं कापड आणलं, अब्बांची वही उघडली आणि बबनभाऊंच्या मापाने सदरा बेतला. छाती चाळीस. काजं हाताने केली. पार्सल पोचल्यावर बबनभाऊंचा फोन आला. "एकदम बराबर झाला रे रहीम!" मी आठ दिवस हवेत होतो.

मग सुनीताने लग्नाचा फोटो पाठवला. सदऱ्यात माणूस नव्हताच, नुसता सदरा उभा होता. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत, आणि पाठीमागून चुणी घेऊन पिन लावल्याचं तर माझ्यापासून लपणार नव्हतंच. शिंप्याला आजार असा आधी शिलाईत दिसतो. सुनीताला फोन केला तेव्हा ती रडायलाच लागली. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तीन महिने अकोल्याला खेपा चालल्या होत्या. मला काही कळू द्यायचं नाही, असं बबनभाऊंनीच घरात बजावलं होतं.

मला संताप आला. त्यांचा आणि त्याहून माझा. मालकाची बोलणी खाऊन चार दिवसांची रजा घेतली आणि टेप, वही पिशवीत टाकून निघालो.

बबनभाऊ दुकानातच बसले होते. गल्लीत आता तेवढंच एक शटर उघडं, झेरॉक्सही बंद झालं होतं. मी नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "सदरा ढगळ झाला हे काहून नाई सांगितलं तुमी?"

त्यांनी हातातला सुतळीचा गुंडा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मांडवात पाहुण्यायनं इचारलं, सदरा कोणाकून शिवला? म्या म्हनलं, आमच्या गल्लीतल्या टेलरकून. गल्लीत आता टेलरच नाई, हे त्याइले कायले सांगू?"

मी पिशवीतून टेप काढला. म्हटलं, उभे राहा. ते पूर्वीसारखेच हात पसरून, हनुवटी वर करून उभे राहिले. छाती पस्तीस. सदरा आत घेऊन देतो म्हणालो, तर मान हलवली. "राहू दे तसाच. भरतो मी त्याच्यात परत." जुन्या ओळीखाली मी नवं माप लिहिलं.

मग त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला. "आन तुह्यं माप कोन घेते?" शिंप्याचं माप कुणी घेत नाही. अब्बांनी माझं शेवटचं घेतलं त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. आयुष्यभर दोर मोजणाऱ्या त्या हातांनी माझ्या छातीभोवती टेप घातला. "पोट सुटलं तुह्यं. हैदराबाद मानवलं म्हनाचं."

चष्मा लावून त्यांनी स्वतः वहीत लिहिलं. रहीम. छाती, खांदा, बाही, उंची. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. शेवटच्या रकान्यापाशी पेन पोचलं. ते थांबलेसुद्धा नाहीत. गावाचा रकाना कोराच सोडून त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली.