आतबाऱ्याचा थांबा

भावना सोनटक्के कुणाशी भांडत नाही, असं टेक्सासमधल्या प्लेनोच्या मराठी मंडळात सगळेच म्हणत. नागपूरची बाई, हॉस्पिटलात नर्स. मंडळाच्या पिकनिकला झुणक्याचं पातेलं घेऊन येणार आणि सगळ्यांची भांडी घासूनच घरी जाणार. अशा साध्या बाईच्या पोटात दोन वर्षं एक माणूस ठाण मांडून बसला होता आणि ती रोज त्याला मनातल्या मनात सोलून काढत होती, हे लोकांना कुठून कळणार?

त्या माणसाचं नाव प्रल्हाद. सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये, त्याचा मसाल्याचा मोठा व्यापार होता आणि तिथल्या मराठी माणसांचा तो हक्काचा प्रल्हादकाका होता. आता तो अमेरिकेतच चँडलरला मुलाकडे राहतो आणि ठिकठिकाणच्या मंडळांत जाऊन, लढाईतून आपल्या लोकांना बसमध्ये घालून कसं बाहेर काढलं, ते सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, शाल घालतात. आपल्या लोकांना शाल घालायला कुणीतरी लागतंच.

भावनाचा नवरा ताहिर सुदानी होता. तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आला तेव्हा ती तिथेच नर्सिंग करत होती. भाजीवालीशी मराठीत घासाघीस करणारा हा परदेशी मुलगा तिला आवडला आणि तिने लग्न केलं. तिची आई आधीच गेलेली, वडिलांनी अबोला धरला. दोघं टेक्सासला आली, मीरा झाली. आणि मीरा चालायला लागली त्या वर्षी हायवेवर एका ट्रकने ताहिरची गाडी चिरडली.

बारा-बारा तासांची ड्युटी आणि घरात एवढीशी पोर. भावनाने मग तेच केलं जे परदेशातले आपले कितीतरी आईबाप करतात. नोकरीचा जम बसेपर्यंत लेकरू आजीकडे ठेवलं. फक्त ही आजी नागपूरला नव्हती, खार्तूमला लागून असलेल्या ओमदुर्मानला होती. ताहिरची आई. सुदानी लोक आजीला हब्बोबा म्हणतात, म्हणून भावनाही तिला हब्बोबाच म्हणे. म्हातारीचा पोरीवर इतका जीव, की तिला मराठी ऐकू यावं म्हणून रोज व्हिडिओ कॉल लावून बसायची. कॉलच्या मध्येच एखाद्या पेशंटची घंटा वाजली की भावना म्हणे, "बाळ, इथंच बस हं, पाच मिनिटांत येते." आणि काहीही झालं तरी परत फोन करी. हा शब्द तिने एकदाही मोडला नाही.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये खार्तूममध्ये लढाई पेटली. नळाचं पाणी गेलं, वीज गेली. व्हॉट्सॲपच्या कुठल्याशा ग्रुपवरून भावनाला प्रल्हादचा नंबर मिळाला. तो आपल्या लोकांना घेऊन पोर्ट सुदानला बस नेणार होता.

"काका, माझी मुलगी आहे हो ओमदुर्मानला, आजीबरोबर. तिचा अमेरिकन पासपोर्ट आहे. दोघींना घ्या, तुमच्या पाया पडते."

"अगं, पाया कसल्या पडतेस? मराठी पोर आहे ती. माझ्या जबाबदारीवर आणतो."

दोन दिवसांनी त्याने बंदरावरून फोन केला. "त्या आल्याच नाहीत गं. तासभर थांबलो. शेवटी बाकीच्यांचे जीव बघायला लागले." आवाज इतका दुःखी होता, की भावनाने उलट त्यालाच धीर दिला. पुढे तिला त्या आठवणीनेच सगळ्यात जास्त चीड यायची. आपण त्याचं सांत्वन केलं!

हब्बोबाचा फोन लागत नव्हता. तेव्हा दोघी घरातच अडकल्या असणार. भावनाने बिनपगारी रजा टाकली. परवान्यांसाठी किती दारं झिजवली ते ती आजही सांगत नाही. शेवटी मेच्या अखेरीस जेद्दाहमार्गे ती पोर्ट सुदानला उतरली. तिथून बसने दिवसभर वाळवंट. मध्ये आतबारा नावाच्या गावी बस थांबली, तिथे रस्त्याकडेच्या टपरीवर उभ्या उभ्या चहा प्यायली, आणि बाकीचे लोक ज्या बाजूने पळून येत होते त्या बाजूला निघाली.

ओमदुर्मानचा जुना भाग बंदूकवाल्यांच्या ताब्यात होता. एका नाक्यावर विशीतल्या पोरांनी तिचा फोन घेतला आणि हेर म्हणून तिला दुकानाच्या गाळ्यात कोंडलं. ती नर्स आहे हे कळल्यावर एका जखमी पोराच्या मांडीत अडकलेला धातूचा तुकडा काढून जखम शिवणाच्या सुईदोऱ्याने टाचायला तिला लावलं. मागे एकजण बंदूक घेऊन उभा. पोरगा जगला तर तू जगशील, असं त्याने सांगितलं. पोरगा जगला. तिला दोन गल्ल्या पुढे जाऊ दिलं.

घराचं दार फोडलेलं होतं. गाद्या, भांडी, दिव्यांच्या वायरी, सगळं उचलून नेलेलं. अंगणात मात्र ताज्या मातीचा ढीग. लढाईत कब्रस्तानापर्यंत जाता येत नव्हतं म्हणून लोक आपली माणसं अंगणातच पुरत होते, हे तिला वाटेत कळलं होतं. तिने हातांनी माती उकरली. नखं तुटली तरी उकरत राहिली. दोन वीत खाली एक मोठा मर्दानी जोडा लागला, आणि भावना हसली. कुणाच्या तरी मेलेल्या माणसाकडे बघून खदखदून हसली. आपल्याला असं हसायला कुणी लावलं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन महिने ती त्या शहराच्या कडेकडेने फिरली. दवाखाने, मशिदी, शाळा. मध्ये हगवणीने मरता मरता वाचली. एकदा शेजारच्या खोलीवर गोळा पडला आणि उजवा कान कायमचा अधू झाला. शेवटी पैसेही संपले, जीवही संपत आला, तेव्हा हात हलवत परत फिरली.

बस पुन्हा आतबाऱ्याला थांबली. तीच टपरी. चहावालीने ह्या खेपेला विचारलं, कुठली गं तू? भावनाने मोडक्या अरबीत सांगितलं, हिंदची. चहावाली म्हणाली, "मग त्या पोरीला बघून तरी जा. तुमच्याच लोकांच्या बसमधून उतरवलेली आहे."

रस्त्यापलीकडे एक बाभळीचं झाड होतं. खाली मीरा बसली होती. पायांत बूट, अंगावर हाडं.

मग चहावालीने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये हिंदच्या लोकांची बस आली होती. तिच्या म्होरक्याला इथे त्याच्या ओळखीचं एक कुटुंब भेटलं, त्यांना जागा हवी होती. त्याने म्हातारीला आणि पोरीला खाली उतरवलं आणि तुमच्यासाठी दुसरी गाडी येतेय म्हणून सांगितलं. गाडी कसली येतेय! निर्वासितांची सोय मागच्या शाळेत होती, तिथे सावली होती, डॉक्टर होता. पण पोर त्या झाडाखालून हलेना. ओढून नेली तर पुन्हा पळत यायची. तिला एकटी कशी सोडायची, म्हणून म्हातारीही तिच्याबरोबर दिवसभर त्या उन्हात बसायची. जूनमध्ये म्हातारी गेली. पोर तरी हलली नाही, तेव्हापासून दिवसा चहावालीच तिला खाऊ घालत होती.

जूनमध्ये. म्हणजे भावनाने इथे पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा दोघीही जिवंत होत्या. हब्बोबा श्वास घेत होती, त्या झाडाखाली, रस्ता ओलांडला की. "आल्याच नाहीत" ह्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून ती त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायली आणि मढी उकरायला पुढे गेली.

तिने प्रल्हादला फोन केला नाही. असा राग फोनवर उधळायचा नसतो. तो समोर भेटेल तेव्हा, उजळ माथ्याने चारचौघांत बसलेला असेल तेव्हा, असं तिने ठरवलं आणि मीराला घेऊन प्लेनोला परत आली.

मीरा सावरली. अंगाने भरली, शाळेत जाऊ लागली, इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. बस आणि झाड ह्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही. एक सवय तेवढी राहिली. कुणी "पाच मिनिटं" म्हणालं की ती मुकाट्याने बूट घालून दाराशी जाऊन बसायची आणि काही केल्या उठायची नाही. बाहेर जायची घाई, दुसरं काय, असं भावनाला वाटे.

आणि ह्या वर्षी मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं. प्रल्हादकाकांचा सत्कार! फोटो, खाली हात जोडलेले इमोजी. भावनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शेजारच्या निधीला फोन केला. निधी कमिटीवर होती.

"सत्काराची शाल मी घालते ना, निधी. आणि नारळ मीरा देईल."

"अगं परफेक्ट! तू स्वतः सुदानला जाऊन आलेली. मी कन्फर्म करते."

त्या दिवसापासून भावनाने मीराकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. काका, मला आणि हब्बोबाला आतबाऱ्याला का उतरवलंत? गाडीत, जेवताना, वेणी घालताना.

"व्हाय इन मराठी, आई?"

"कारण त्याला मराठी कळतं."

कार्यक्रमाला जाताना निधी त्यांच्या गाडीत होती. तिने ते वाक्य ऐकलं, विचारलं, आणि सगळं कळल्यावर तिचा चेहरा उतरला. "तू बोल ना यार सरळ. सहा वर्षांची आहे ती. तुझं भांडण तिच्या तोंडून कशाला?"

"माझं? बसमधून मला उतरवलं होतं का?"

"तिथे ती फ्रीज झाली तर?"

"तर मी आहे," भावना म्हणाली. पण निधीचं बोलणं तिला लागलं होतं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर ह्या सुडाची किंमत कोण मोजणार? तरीही तिने गाडी वळवली नाही.

शाळेचं सभागृह भरलं होतं. मागून समोशांचा वास येत होता. पहिल्या रांगेत प्रल्हादचा मुलगा केदार बापाचा व्हिडिओ काढत होता. प्रल्हाद रंगात आला होता. "मी ठरवलं होतं," तो म्हणाला, "एकालाही मागे सोडायचं नाही. शेवटचा माणूस चढला, मगच मी चढलो." टाळ्यांचा कडकडाट. भावनानेही टाळ्या वाजवल्या. मुद्दाम, सगळ्यात जोरात. शेजारी मीराने खुर्चीखाली काढून ठेवलेले बूट ओढले आणि एकेक पट्टा घट्ट लावला. स्टेजवर जायचंय म्हणून, असं भावनाला वाटलं.

नावं पुकारली गेली. भावना शाल घेऊन पुढे झाली. मीराने नारळ त्याच्या हातात दिला. प्रल्हाद कौतुकाने वाकला. "काय गं बाळ, नाव काय तुझं?" निवेदिकेने माइक तिच्या तोंडाशी धरला.

मीराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पाठ केलेलं वाक्य आलंच नाही.

"काका, पाच मिनिटं झाली का?"

लोक हसले. कंटाळली बिचारी! प्रल्हादही हसला.

"तुम्ही म्हणालात, बाळ, इथंच बस, पाच मिनिटांत येतो. मी बसले. झाडाखाली. हब्बोबा चल म्हणायची, मी नाही गेले. मग हब्बोबा मेली. मी तरी नाही हलले."

हसू पुढच्या रांगेपासून विझत मागे गेलं. शाल अजून भावनाच्या हातातच होती. त्याचा सगळा गुन्हा आपल्याला ठाऊक आहे, असं ती दोन वर्षं समजत होती. ठाऊक नव्हता. ह्या माणसाने तिचेच शब्द वापरले होते. आपल्या आईच्या भाषेत पाच मिनिटं म्हटलं की माणूस परत येतोच, एवढं एकच त्या पोरीला जगाबद्दल पक्कं माहीत होतं, आणि त्याने ते सहज, तोंडातली सुपारी थुंकावी तसं तिच्यासमोर टाकलं आणि बसमध्ये चढला. म्हातारी त्या पाच मिनिटांत मेली.

"लहान आहे," प्रल्हाद म्हणाला. "काहीतरी गैरसमज..."

"बाबा, ही कोण मुलगी?" केदारने फोन खाली घेतला होता.

भावनाने माइक घेतला. ठरवलेलं मोठं भाषण पार विसरली. "ओमदुर्मानहून मुलीला आणा म्हणून तुम्हाला फोन केला होता ती मी, काका. ही माझी मुलगी, 'आलीच नाही' ती. तिने तुम्हाला काहीतरी विचारलंय. उत्तर द्या."

प्रल्हादने केदारकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. ज्या तोंडाने गावोगावी शाली मिळवल्या ते तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. भावना डोळे भरून ते बघत होती. तिला दया आली नाही, आणि येत नाही ह्याचं वाईटही वाटलं नाही. तिने शालीची घडी केली आणि परत तबकात ठेवली.

"चला बाबा," केदार म्हणाला, तेही त्याच्याकडे न बघता. प्रल्हाद नारळ हातात घेऊन पायऱ्या उतरू लागला.

मीराने आईचा हात ओढला. "आई, ते येणार का परत?"

"नाही, बाळ," भावना म्हणाली. "तो कधीच येणार नव्हता."

मीरा सगळ्यांसमोर स्टेजच्या कडेला बसली, बुटांचे पट्टे सोडले, आणि दोन्ही बूट काढून ठेवले.