राज्याचं कर्ज आणि मंडळाची लिफ्ट

निवडणुकीआधी राज्याच्या अर्थसंकल्पावर नागरिकांनी जाहीर चर्चा करणं हे जागरूक समाजाचं लक्षण आहे. त्या हिशेबानं बेंगळुरूतलं आमचं मराठी मंडळ फारच जागरूक आहे. दर निवडणुकीआधी तिथे असा वादविवाद होतो, दर वेळी तो अटीतटीचा होतो आणि दर वेळी खालच्या अंगणात मसालेभात गार होतो.

अध्यक्ष मी असतो. अर्थशास्त्राशी माझा काही संबंध नाही. सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात माझी नोकरी संपली. पण मी थोडक्यात बोलतो आणि वक्त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता घंटी वाजवू शकतो, एवढ्या भांडवलावर हे पद माझ्याकडे आलं आणि राहिलं. पहिली काही वर्षं मी घरून वाचून जायचो. महसुली तूट म्हणजे काय, राजकोषीय तूट म्हणजे काय, असं. पुढे लक्षात आलं की सरकार कुणाचंही असो, विरोधात बसलेल्यांना कर्ज भयंकर वाटतं आणि सत्तेत बसलेल्यांना ते विकासाचं लक्षण वाटतं. निवडणुकीनंतर फक्त बाकं बदलतात, भाषणं तिथेच राहतात. तेव्हापासून मी वाचन सोडलं आणि घंटी चांगली घेतली.

यंदाचा ठराव होता, ‘निवडणुकीच्या तोंडावर राज्य सरकारने कर्ज काढून वाटप करू नये.’ तारीख बरीच आधी ठरली होती. मग आठवडाभर आधी चिटणिसांचा फोन आला.

“सर, एक गोड बातमी आहे. त्याच रविवारी आमदार येतायत.”

“वादविवादाला?”

“छे हो. लिफ्टला.”

लिफ्टची गोष्ट सांगायला हवी. मंडळाची इमारत जुनी, दोन मजल्यांची. तळमजला चष्म्याच्या दुकानाला भाड्यानं दिलेला आहे आणि त्या भाड्यावर मंडळ चालतं. सभागृह आणि वाचनालय वर. मध्ये जो जिना आहे तो ज्यांनी बांधला ते सगळे तेव्हा तिशीत असावेत. पायऱ्या उंच, आणि वळणावर कठडा नाही.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, मंडळाच्या मागच्याच गल्लीत राहते. दर रविवारी सकाळी वरच्या सभागृहात ती मुलांना मराठी वाचायला शिकवायची. आधी आमच्यासारख्या कारखान्यातल्या आणि प्रयोगशाळांतल्या नोकरदारांची मुलं होती, अलीकडे पुण्यानागपूरहून आलेल्या आयटीवाल्यांची. घरी मराठी बोलणारी, शाळेत कन्नड शिकणारी आणि स्वप्नं बहुधा इंग्रजीत पाहणारी ही मुलं तिच्यापुढे बसून ‘ळ’ घोटायची. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. त्यानंतर वर्ग संगणकावर भरवून पाहिला. मुलं पडद्यावर यायची, कॅमेरा बंद करायची आणि निघून जायची. वर्ग बंद पडला.

मंडळानं लिफ्टसाठी वर्गणी काढली. त्यातून फक्त लिफ्टचं दार आलं असतं. म्हणून आमदार निधीतून लिफ्ट मिळावी असा अर्ज केला आणि तो वर्षभर फिरला. आता निवडणूक आली. आचारसंहिता कधीही लागणार होती आणि ती लागली की कुणाला काही जाहीर करता येत नाही. आमदारांना तोच एक रविवार मोकळा होता.

मी अक्काला सांगायला गेलो तेव्हा ती शेंगा सोलत होती.

“ठराव काय आहे म्हणालास?”

मी सांगितला.

“आणि आपण त्यांच्याकडे काय मागतोय?”

“लिफ्ट.”

“त्याच दिवशी?”

“आधी वादविवाद, मग लिफ्ट.”

तिनं पुढची शेंग उचलली. “मी ठरावाच्या बाजूची आहे,” ती म्हणाली. “पण लिफ्ट मंजूर झाल्यावर. वर्ग सुरू करायचा तर यंदाच रे. पुढच्या वर्षी मलाच कुणी वाचून दाखवायला लागेल.”

हे तिनं हसत म्हटलं. पण तिनं मुलांसाठी नव्या पाट्या आणून ठेवल्या होत्या. त्या दिवाणाखालून दिसत होत्या.

रविवारी ती काठी टेकत आली आणि जिन्याखालच्या मोकळ्या जागेत नेहमीप्रमाणे खुर्ची टाकून बसली. वरच्या कार्यक्रमाचा एक स्पीकर तिच्यासाठी खाली काढून दिलेला असतो. चारजण पुढे झाले. “अक्का, खुर्चीसकट उचलून नेतो वर.”

“चौघांनी उचलायला अजून थोडा वेळ आहे,” ती म्हणाली. चौघे मागे सरले.

आमदार वेळेवर आले, त्यामुळे सगळ्यांचीच धावपळ झाली. भला, थकलेला माणूस. त्यांचा त्या दिवशीचा तो कितवा कार्यक्रम होता हे त्यांना बहुधा माहीत नसावं. त्यांना मराठी येत नाही. चिटणीस त्यांच्याशेजारी बसले आणि कानाशी लागून कन्नडमध्ये भाषांतर करू लागले. माझी खुर्ची त्यांच्या शेजारीच होती. मला दोन्ही भाषा येतात. त्यामुळे त्या दिवशी मी दोन वादविवाद ऐकले.

ठरावाच्या बाजूनं एचएसआर लेआउट या नव्या वस्तीतला एक तरुण बोलायला उभा राहिला. मूळ पुण्याचा, आयटीतला, हातात लॅपटॉप. तयारी खरी केली होती. कर्ज किती, व्याज किती, नव्या कर्जातलं जुन्या व्याजात किती जातं, हे त्यानं पडद्यावर दाखवलं.

“हे पैसे यांच्या खिशातले नाहीत,” तो म्हणाला. “आपलेही नाहीत. हे आपल्या नातवंडांचे पैसे आहेत आणि हे लोक आज ते उडवतायत!”

आमदारांनी चिटणिसांकडे पाहिलं.

“म्हणतोय,” चिटणीस कन्नडमध्ये म्हणाले, “सरकार नातवंडांचासुद्धा विचार करतंय.”

आमदारांनी मान हलवली. पडद्यावर राज्याच्या कर्जाचा आलेख आला. एक लाल रेघ डावीकडून निघून उजवीकडे छतापर्यंत चढत गेली होती.

“हे काय?”

“प्रगती, सर.”

आमदार रेघेकडे कौतुकानं पाहत राहिले.

ठरावाच्या विरोधात बसवनगुडीचे एक निवृत्त इंजिनिअर होते. चार पिढ्या इथलेच. त्यांच्या मराठीत दर वाक्याला एखादा कन्नड शब्द ऊन खायला बसलेला असतो.

“स्वल्प थांबा हं,” ते तरुणाला म्हणाले. “तुमचा फ्लॅट आहे की नाही एचएसआरला?”

“आहे, काका.”

“रोख घेतला?”

“नाही, लोन आहे.”

“किती वर्षांचं?”

“वीस.”

“सरी, बरं. तुम्ही काढलं ते लोन, सरकारनं काढलं ते पाप!”

हशा झाला. तरुण तयारीतच होता. “काका, फ्लॅट असेट आहे. बायकांना फुकट बस, ती असेट आहे का?”

“आमच्याकडे भांडी घासायला येते ती बाई आधी चालत यायची. आता त्या बसनं येते आणि वाचलेल्या वेळात अजून दोन घरं करते. तिला विचारा असेट म्हणजे काय.”

“मान्य. पण तिच्या तिकिटाचे पैसे वाढलेल्या करातून द्या ना. हे लोक जुन्या लोनचा हप्ता भरायला नवीन लोन काढतायत. तुम्ही मला असं करू द्याल?”

“नाही,” काका म्हणाले. “तेवढं मात्र नाही करू देणार.”

त्या संध्याकाळी कुणी दुसऱ्याचं म्हणणं ऐकल्याचा हा एकमेव पुरावा. मी तो मनात नोंदवला आणि वेळ संपल्याची घंटी वाजवली. काकांना तेवढ्यात अजून एक वाक्य घालायचं होतं. “कर्ज काढा, पण रस्ता पाच वर्षं खड्ड्यात ठेवून शेवटच्या महिन्यात त्यावर काळा रंग फासू नका!”

आमदारांना ‘रस्ता’ एवढं कळलं. ते चिटणिसांकडे वळले. चिटणीस पाणी प्यायले.

“रस्त्यांबद्दल आभार मानतायत,” ते म्हणाले.

मग मतदान. आमच्याकडे ते हात वर करून होतं आणि हरलेल्या बाजूनं जेवण वाढायचं अशी रीत आहे. पंगतीत बसायला मिळावं म्हणून पुष्कळजण जिंकणारी बाजू हेरून हात वर करतात, असा माझा जुना संशय आहे. मी विचारलं, “ठरावाच्या बाजूनं कोण?” जवळजवळ सगळे हात वर गेले.

आमदार दचकले. “हे सगळे कोण?” त्यांनी विचारलं. “हात कशासाठी?”

चिटणिसांवर त्या क्षणी काय वेळ आली असेल याची मला कल्पना आहे. वर्षभर अर्जामागे फिरलेला माणूस. समोर सगळं सभागृह हात वर करून सांगत होतं की निवडणुकीच्या तोंडावर कुणाला काही देऊ नका.

“सर,” ते म्हणाले, “हे आपल्या मतदारसंघातले मतदार.”

आमदार उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि एकेका रांगेकडे वळून नमस्कार केला. लोकांना वाटलं, आमदारांचाही ठरावाला पाठिंबा आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी आमदार भारावले. सत्ता आणि जनता यांच्यात इतकं पूर्ण सामंजस्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

खरी परिस्थिती अशी होती की एचएसआरकडून आलेल्यांची नावं अजून पुण्यानागपूरच्या यादीत होती, जुन्या मंडळींनी घरं विकून शहराच्या कडेला फ्लॅट घेतले होते आणि माझं नाव राजाजीनगरच्या यादीत आहे. त्या मतदारसंघात मत असलेली जी काही मोजकी माणसं इमारतीत होती, त्यांतलं एक खाली जिन्याजवळ बसलं होतं.

लिफ्ट तिथल्या तिथे जाहीर झाली. आमदारांच्या माणसांनी काळ्या दगडाची पाटी सोबतच आणली होती. त्यावर लिफ्टचं उद्घाटन झाल्याचं कन्नडमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. मी त्यांच्यातल्या एकाला म्हटलं, “अजून खड्डासुद्धा खणलेला नाही. आधी भूमिपूजनाची पाटी लागते ना?”

“भूमिपूजनाची वेगळी आणि उद्घाटनाची वेगळी करायची, तर मध्ये आचारसंहिता येते,” तो म्हणाला. इतकं निर्मळ उत्तर मला अर्थसंकल्पाच्या कुठल्या भाषणात सापडलं नव्हतं.

फोटोवाला वर होता, माणसं वर होती, म्हणून पाटी वरच भिंतीला लावली आणि तिच्यावरचा पडदा सरकवला. आमदार पुढच्या कार्यक्रमाला निघाले. जिना उतरताना वळणावर कठडा शोधत त्यांनी भिंतीला हात लावला आणि खाली बसलेल्या अक्काला वाकून नमस्कार केला. “आगुत्ते, अज्जी,” म्हणाले. होईल, आजी. मला तरी तो माणूस खोटा वाटला नाही.

काका पंगतीत मसालेभात वाढत होते. मी ताट घेऊन अक्काजवळ गेलो.

“मिळाली,” मी म्हटलं.

“ऐकलं.” तिचा चेहरा उजळला होता. तो तसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. “आणि ठराव?”

“तोही मंजूर.”

“माझा हात मोजलास?”

“खालचा हात वरून कसा दिसणार?”

“मी वर केला होता. चष्मेवाल्याला विचार.” मग भात कालवत म्हणाली, “जूनमध्ये वर्ग सुरू करू. शाळांबरोबर.”

दुसऱ्याच दिवशी कामगार आले आणि त्यांनी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत खड्डा खणला. लिफ्ट बसेल अशी तेवढीच जागा होती. त्यानंतर आचारसंहिता लागली आणि काम थांबलं. निवडणूक झाली. मग नवीन सरकारनं, सगळी नवीन सरकारं करतात तसं, राज्याच्या कर्जाबद्दल चिंता व्यक्त केली आणि आधी मंजूर झालेल्या कामांचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं. आमची लिफ्ट त्या आढाव्यात अडकली. चिटणीस चौकशीला गेले तेव्हा तिथल्या कारकुनानं मंजुरीच्या कागदाला जोडलेला पाटीचा फोटो दाखवला आणि विचारलं की उद्घाटन झालेल्या लिफ्टला पुन्हा पैसे कशाचे.

आम्ही खुलाशाचा अर्ज दिला आहे. चिटणिसांचं कन्नड उत्तम आहे, त्यामुळे तो त्यांनीच लिहिला.

जून गेला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत, भोवती दोरी बांधली आहे. अक्काची खुर्ची ठेवायला आता तिथे जागा नाही, त्यामुळे रविवारी ती येत नाही. परवा तिनं विचारलं की त्या पाटीवर नेमकं काय लिहिलंय. मला सांगणं जिवावर आलं. मी म्हटलं, येऊन बघ.

पाटी वरच्या मजल्यावर आहे.