मेस्त्रींच्या रक्तातल्या पेशी

मेस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाठीवरचा काळा तीळ पसरत चालला होता, तो मात्र बायकोच्या नजरेला पडला. ती ‘दाखवून या’ म्हणत राहिली, ते ‘बघू’ म्हणत राहिले. दाखवला तोवर कॅन्सर फुप्फुसात पोचला होता.

औषधं लागू पडेनात, तेव्हा इस्पितळाने एका नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

“शरीरात डेंड्रिटिक पेशी असतात. फांद्या फुटल्यासारख्या दिसतात. परकं काही सापडलं की त्याचा तुकडा उचलायचा आणि जखम झाली की काखेत-जांघेत अवधाण येऊन सुजतात ना, तसल्या गाठीत नेऊन टी पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. मारतात त्या टी पेशी. पण कॅन्सर आपल्यातलाच, म्हणून तो पटकन डोळ्यांवर येत नाही. तेव्हा तुमच्या रक्तातून पेशी काढून आम्ही या पेशी तयार करणार, त्यांना तुमच्याच कॅन्सरच्या गाठीचे अंश देणार आणि परत टोचणार.”

“म्हणजे स्वतः भांडायचं नाही, दुसऱ्यांना चिथवायचं,” बायको म्हणाली. “थेट माझ्या नणंदेसारखं.”

“माझ्या बहिणीला कशाला मध्ये आणतेस?” म्हणत मेस्त्री हसले. इस्पितळात पहिल्यांदाच.

पहिली खेप वाया गेली. पेशी नीट वाढल्याच नाहीत.

“चुकलं कुठे?” मेस्त्रींनी फोनवर विचारलं.

“चुकलं असं नाही. आजारात पेशीही थकतात. पुन्हा रक्त द्याल?”

“या म्हणाल तेव्हा येतो.”

दुसऱ्या खेपेला जमलं. मांडीत सुया टोचल्या, रात्री अंग तापलं. पुढे तपासणीत फुप्फुसातला मोठा डाग आकसलेला दिसला. लहान डाग होते तसेच राहिले. मेस्त्री कामावर रुजू झाले. त्याच चाचणीतल्या एका शिंप्याला काडीचाही गुण आला नाही. तो गेला, तेव्हा मेस्त्री त्याच्या घरी जाऊन नुसते बसून आले.

दोनेक वर्षांनी डाग पुन्हा वाढू लागले. डॉक्टरीणबाई दुसऱ्या औषधाबद्दल बोलल्या. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझ्या काही पेशी गोठवून ठेवल्या होत्यात ना?”

“आहेत.”

“मग त्या शिकायला वापरा. पडून राहून काय उपयोग?”

परवानगीची सही करून ते बायकोबरोबर बाजारात गेले. घरात कांदे संपले होते.