पाणी वाढवू नको

मी आज पदवीधर आहे तो गोरेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या, लस टोचणाऱ्या ड्रेसर काकांमुळे. लसीची बाटली उजेडाला धरून, एक डोळा मिटून ते म्हणायचे, "पाणी वाढवू नको. कोंबडीला फसवता येतं, रोगाला न्हाई."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. कोंबड्यांत मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली की बाया टोपल्यांत कोंबड्या घेऊन यायच्या. बाटली शंभर कोंबड्यांची आणि कोंबड्या सव्वाशे.

शेजारच्या आक्का म्हणायच्या, "ड्रेसर, घाला की थोडं पाणी. काहून अडून राहिले?"

"आक्का, तुझ्या वरणात घाल."

उरलेल्या कोंबड्यांसाठी काका दुसऱ्या दिवशी सेनगावहून नवी बाटली आणायचे. जीपमध्ये बर्फाचा थर्मास लेकरासारखा मांडीवर.

आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म कोणी पाहिलेला नव्हता. तो काकांनी भरून घेतला. "तू डॉक्टर हो. मी तुझा ड्रेसर व्हतो." अंड्याला टॉर्च लावून आतला जीव ओळखायलाही त्यांनीच शिकवलं.

पुढे मी प्रयोगशाळेत मानमोडीच्या विषाणूवर काम करू लागलो. विषाणू अंड्यात वाढवायचा, त्यातला द्रव काढून पुढच्या अंड्यांत टोचायचा. सहाव्या फेरीला टॉर्च लावला. विषाणूमुळे गर्भ मरायला हवे होते. सगळे जिवंत, पाय हलवत होते. विषाणू गेला तर संशोधनाचा विषय गेला, माझी तिथली जागाही गेली. मार्गदर्शक बाईंनी एकच संधी दिली.

मी काकांना फोन लावला. "काका, एकबी मेलं न्हाई."

"जितं हाय म्हून रडून राहिला व्हय? येडं पोरगं." मग आवाज उतरला. "कामात चोरी केली का?"

"न्हाई. थेंबभर पाणी घातलं न्हाई."

"मंग तू बराबर हायस. पुन्हा पाह्य."

बाईंनी वही पाहिली. "दर वेळी द्रव पातळ न करता टोचलास? का?"

त्यांनी समजावलं. दाट द्रवामुळे एकेका पेशीत खूप विषाणू शिरतात. काही अर्धवट निपजतात. ते एकटे वाढू शकत नाहीत, पण त्याच पेशीतल्या धडधाकट विषाणूची सामग्री वापरून त्याच्यापेक्षा भराभर वाढतात आणि त्यालाच मागे टाकतात, म्हणून गर्भ मरत नाहीत. खूप पातळ केलं की दोघे एका पेशीत क्वचितच पडतात. मग धडधाकट वाढतो, अर्धवट तसाच राहतो.

मी द्रव हजारपट पातळ करून नव्या अंड्यांत टोचला. तिसऱ्या दिवशी टॉर्च लावला. पहिलं अंडं निश्चल. दुसरंही. मी तिथेच स्टुलावर बसलो.

त्या संध्याकाळी काकांना पत्र लिहिलं:

"काका, सप्रेम जयभीम. माझी जागा टिकली. चूक माझी होती, पाणी घालायला हवं होतं. लसीत नव्हे, विषाणू वाढवताना. लसीचं तुमचंच खरं. पातळ का केलं नाही, याचं कारण वहीत लिहायला बाईंनी सांगितलं. मी 'सवय' असं लिहिलं. कोणाची ते लिहिलं नाही. ती सवय मला सोडायची नाही, फक्त या एका जागी सोडली. आक्कांना मात्र सांगू नका. त्या म्हणतील, ड्रेसरच्या पोरानं शेवटी पाणी घातलंच."